मुडपलेलं बोट

प्रिय तुंबू,

तुझी सुकट पोचली. आईनं कसाव्याच्या पाल्यात घालून शिजवली, अर्धी एकटीनंच संपवली आणि वर म्हणते कशी, "बंदरावरचा माल जरा खारटच असतो!" लवंगा अजून अंगणभर वाळताहेत. घरातल्या पाण्यालासुद्धा त्यांचाच वास येतो.

माझ्या नोकरीवर तू नेहमी हसतोस, "लोक मुली पसंत करतात, माझी ताई लेमूर पसंत करते." यंदा अगदी तेच होतं. रात्री हिंडणाऱ्या तीन लेमुरांपैकी एकाच जातीचा अभ्यास व्हायचा, जंगल राखायचं तेही तिच्यासाठीच. एक उंदराएवढा तपकिरी, एक पांढऱ्या मांड्यांचा लोकरी आणि तिसरा आय-आय. मला आय-आयच हवा होता. तो ज्याच्याकडे बोट करील तो मरतो, म्हणून तो दिसला की आपली माणसं कोयता काढतात, म्हणजे सगळ्यांत आधी संपणार तोच. मामानं मारलेला आठवतो ना? चौरस्त्यावर बांबूला टांगलेला, आणि काडीसारखं ते मधलं बोट वाऱ्यानं हलतंय. आईनं आपल्या दोघांचे डोळे झाकले होते, पण मी तिच्या बोटांच्या फटीतून सगळं पाहिलं.

मागच्या महिन्यात, दिवेलागणीला, सुआझाराआजीच्या लवंगेच्या झाडावर तो बसलेला दिसला. मी कॅमेरा उचलला, तसा त्यानंही हात उचलला. बोट सरळ माझ्याकडे. पळाला नाही, माझा फोटो काढून होईपर्यंत तसाच थांबला. आजी परसात कोंबड्या डालत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डालगं तिथंच टाकून घरात गेली.

मग सभा झाली. परदेशातून आमच्या कामाच्या प्रमुख हेडविगबाई आल्या होत्या. लवंगांच्या गोदामाच्या भिंतीवर तिन्ही फोटो लावले. बाईंचं बोलणं आपल्या भाषेत सांगायला मी उभी, नेमकी आय-आयच्या फोटोपुढे. कोणता निवडायचा ते गावानं दाखवावं, असं बाई म्हणाल्या. सुआझाराआजीनं हात पुढे केला. तर्जनी आत मुडपलेली, नुसतं पेर पुढे. मग एकेक करून सगळ्यांनी. बाई हरखल्या, "एकमत! आणि मला सांगत होते, हे लोक त्याला घाबरतात म्हणून!"

तुंबू, लेमूर दाखवायला कोण बोट मुडपतं? मुडपलेलं बोट आपण थडग्याला दाखवतो. गावातली माणसं फोटो दाखवतच नव्हती.

मी बाईंना हे सांगितलं नाही. बोलले असते तर निवड मोडली असती आणि दुसऱ्याच दिवशी कोयते निघाले असते. आय-आयची निवड झाली. एवढी शिकलेली मी, मला हसू यायला हवं. पण मला भीती वाटते रे. अंगात कणकण आहे. हिवताप असेल, गोळ्या चालू आहेत. वाटेत लोक मला पाहून बाजूला सरकतात. दुकानदारीण फारा, जिच्याशी माझा उभा दावा, ती परवा केळ्यांचा घड घेऊन दारात आली आणि फार गोड बोलली.

काल शेजारीण विचारत आली, "साहुली कुठाय गं?" आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं माझ्याकडे हात केला. बोट मुडपलेलं होतं. तिचं तिलाच कळलं, आणि सूप खाली ठेवून ती रडत बसली. आज ट्रकवाल्याबरोबर तिनं तुला निरोप धाडलाय, कोयता घेऊन निघ म्हणून. बहिणीकडे आय-आयचं बोट झालं की भावानंच त्याला मारायचं, तरच ती सुटते. म्हणून त्याच ट्रकवाल्याच्या हातात हे पत्र देतेय. माझं काहीही होवो, त्याला मारू नकोस. चौरस्त्यावर ते बोट हलताना मला पुन्हा बघायचं नाही. पण तू ये. मला इथं एकटं वाटतं. रिकाम्या हातानं ये, आणि गावात कुणी विचारलं, तुझी ताई कोणती, तर बोट सरळ करून दाखव.

तुझीच ताई,
साहुली