रक्त पातळ व्हायची गोळी

१८ नोव्हेंबर
लाज वाटून राह्यली. इथंच लिहितो, घरात सांगायची सोय न्हाई.

आज चतुर्थी. राजूरला दर्शनाची झुंबड, तशीच माझ्या मेडिकलवर. धावड्याचा मल्हारी मेंढपाळ बायकोला घेऊन आल्ता. वच्छलाबाईचे ठोके वेडेवाकडे पडतात, गुठळी होऊन लकवा मारायची भीती. जालन्याच्या डॉक्टरनं चिठ्ठीवर रक्त पातळ व्हायच्या दोन गोळ्या लिहिल्या, एक जुनी, एक नवी; दोन्हीतली एकच घ्यायची. जुनीला दर महिन्याला रक्त तपासायचं, नवीला ती कटकट न्हाई. कोणती घ्यायची ते बाईनं ठरवायचं, समजून मी सांगायचं.

नवी दुकानात नव्हती. मागवली असती तर दोन दिवसांत आली असती. पण गर्दी! मल्हारीला म्हणलो, "ही जुनीच बराबर. महिन्याला तपासणी, बिलकुल चुकवायची न्हाई." दुसरीचं नावच काढलं न्हाई. बाईकडं तर पाहिलंसुद्धा न्हाई.

"मंग ही मेंढरांमागं कशी येईल?" मल्हारी म्हणला.

"घरी ठेवा," मी म्हणलो. अन् पुढचं गिऱ्हाईक!

२५ नोव्हेंबर
मल्हारी मेंढरं घेऊन गेला म्हणं. बाई धावड्यात एकटी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा!

१९ डिसेंबर
वच्छलाबाई तपासणी करून आली. रिपोर्ट चांगला. पायरीवर बसून पाणी पिली. "मेंढरं कुठवर गेली?" मी विचारलं. "परतूरच्या पुढं म्हणं." एवढंच बोलली.

मला तोंड वर करून बघवेना. नवी गोळी आता दुकानात हाये, माझ्या मागच्याच कप्प्यात! तरी बोललो न्हाई. बोललो असतो तर त्या दिवसाचं सगळं उघडं पडलं असतं. भिंतीवर फार्मसीचं सर्टिफिकेट लावलंय— थू तुझ्या जिंदगानीवर, देवानंद!

२ जानेवारी
हिंमत केली. आधी डॉक्टरला फोन. म्हणले, नवी चालेल, पाठवा, तपासून बदलून देतो. मंग मल्हारीला लावला अन् सगळं कबूल केलं. वाटलं, आता आईबहिणीवरून ऐकावं लागतंय. तर तो खुश! "म्हंजे हिला नेता येतंय? मालक, लई उपकार झाले. इथं जेवणाचे हाल चाल्लेत." उपकार म्हणं! शरमेनं मेलो. पण जरा हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू.

९ जानेवारी
वच्छलाबाई आली. डॉक्टरनं गोळी बदलून दिली. मल्हारी बाहेर टेम्पोपाशी. मी पाकीट दिलं, दिवसातून दोनदा, न चुकता, सगळं नीट सांगितलं. "चुकलं माझं, बाई," म्हणलो.

ती बाहेर बघून हळूच बोलली, "भाऊ, लग्नापासून पालं ठोकत फिरले. हा दीड महिना एका जागी निजले. तपासणीचं निमित्त व्हतं मला. यांना फोन लावायच्या आधी मला एकदा विचारायचं व्हतं."

गोळ्या पदरात बांधल्या अन् टेम्पोत जाऊन बसली.