शारदाचा कॅमेरा आणि माझी डिस्क

मंगळवार, संध्याकाळ. काचीगुडा

शेजारच्या शारदाला मेसेज लिहायला बसलो. आईंचा गुडघा कसा आहे, यजमानांची साखर, धाकटीचा खोकला... सगळ्यांची चौकशी झाली, पण मुद्द्याचं काही लिहवेना.

कॅमेरा लॅपटॉपला जोडून चाललेलं तिच्या गुरुजींच्या शेवटच्या मैफिलीचं रेकॉर्डिंग मधेच तुटलं, तेव्हा मी तोंड वर करून म्हणालो, "कॅमेराच म्हातारा झालाय तुझा." ती म्हणाली, "हौ काका, तुम्ही म्हणता म्हणजे तसंच." उद्या ती दिलसुखनगरला जाऊन वडिलांचा तो कॅमेरा जुन्यात विकून टाकणार.

आज तिच्या लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे साठवणीची डिस्क, तपासली. मीच बसवलेली. पहिली पाच मिनिटं डिस्कवर डेटा लिहिण्याचा वेग झकास, मग एकदम बसला. जागा वाया नको म्हणून तिचे जुने व्हिडिओ मीच ठासून भरले होते, रेकॉर्डिंगपुरती जेमतेम जागा ठेवून. पाचवा हिस्सा रिकामा केला, तर तासभर वेग ढळला नाही. बसवली तेव्हा मी दोनच मिनिटं तपासली होती. दोन मिनिटं! आणि नाव घेतलं कॅमेऱ्याचं.

मैफील तर गेलीच. शेवटी लिहिलं, "शारदा, चूक माझी आहे. कॅमेरा विकू नकोस. हवं तेवढं रागाव, पण लवकर उत्तर दे, बाई."