कोहळ्याची पहिली चीर

कार्तिक वद्य षष्ठी, मंगळवार. मौद्याचा मळा.

कोहळा फोडला कोणी? हे आणि भाऊजी काल पहाटेच संत्र्यांची गाडी घेऊन सीताबर्डीला गेले आणि कोहळ्याला चीर द्यायची राहून गेली. सासूबाईंनी सवयीनं सांडग्यांची डाळ रात्री भिजत टाकली. पुरुषानं चीर दिल्याशिवाय आमच्याकडे बाई कोहळ्याला सुरी लावत नाही. लावली तर तिच्या थोरल्या मुलावर संकट येतं म्हणतात.

सकाळी वांगी तोडून आले, तर कोहळ्याची दोन भकलं! सासूबाई म्हणाल्या, "सालदारानं फोडला." सालदार तर गाडीबरोबर गेलाय. म्हणजे त्या धाकट्या जावेला, यमुनेला झाकताहेत?

किसायला बसण्याआधी मी तिला विचारलंच. ती रडायलाच लागली. "मी काहून हात लावू वं बाई? मले एकच पोरगा हाय." तिचे हात पाहिले. कोहळ्यावरची पांढरी भुकटी कुठंच नव्हती.

सासूबाई दिवसभर माळ घेऊन बसलेल्या, किसायलाही आल्या नाहीत. दिवेलागणीला उठल्या, तर हिरव्या लुगड्यावर मांडीपाशी तीच पांढरी भुकटी. मी बघतेय हे त्यांना दिसलं.

"डाळ आंबून गेली असती," एवढंच म्हणाल्या.

मग इतकी वर्षं आम्हाला धाक कशाचा घातला? मला हसूच येत होतं. मग लक्षात आलं, त्यांचा थोरला मुलगा म्हणजे हेच.

अंधार पडला, गाडी अजून परतली नाही. सासूबाई फाटकाशी उभ्या आहेत. मी लिहितेय खरी, पण कान बैलांच्या घुंगरांकडे लागलेत.