दुपारी अडीचचा ऑक्सिजन

३ मार्च
पीएचडीचं सातवं वर्ष. हे शेवटचं, असं मी म्हणतो. बायकोही म्हणते, पण तिचा सूर वेगळा असतो. आज समुद्री गवताच्या दोन टाक्या लावल्या. एकीत साधं समुद्राचं पाणी, दुसरीत खत मिसळलेलं. दोन्हींत सहा-सहा छोटे मासे. पाण्यात ऑक्सिजन किती विरघळलाय ते रोज मोजायचं, दुपारी आणि पहाटे. पहाटेवर गाईड मॅडमचा फार जोर. उद्यापासून पाचला उठणार म्हणजे उठणारच.

४ मार्च, सकाळी १०.४०
गजर वाजला असावा.

९ मार्च
दुपारी अडीच. खताच्या टाकीत लिटरला बारा मिलिग्रॅम, साधीत जेमतेम सात! सगळे म्हणतात खताने समुद्री गवताचं वाटोळं होतं. सगळे चुकले. पेपरचं शीर्षक सुचलं, आभारही लिहून झाले. बायकोचं नाव घालायचं की नाही ते तिच्या वागण्यावर ठरवीन.

१५ मार्च
टाक्या सांभाळणारे काका पहाटे पाचला येतात. म्हणाले, खताच्या टाकीतले मासे त्या वेळी वर येऊन तोंड वासतात, सर, एकदा येऊन बघा. मी हसलो. मासे काकांना ओळखायला लागले असणार, दुसरं काय. पहाटेची मोजणी सोमवारपासून. आठवड्याच्या मधेच काही सुरू करू नये.

२१ मार्च
सोमवार सर्दीत गेला. आज चौदा! गवतावर शेवाळाची जाड साय धरली आहे. पानं दिसतच नाहीत, इतकं माजलंय.

२८ मार्च
मॅडमना तक्ता दाखवला. त्या आकडे सोडून वेळेचा रकाना बघत बसल्या. म्हणाल्या, उजेडात शेवाळ ऑक्सिजन बनवतं, अंधारात तेच तो खातं, शिवाय कुजणारा पालाही खातो. मग पहाटेपर्यंत उरतो किती? मी म्हटलं, पहाटेचे आकडे घरी आहेत. दोन तारखेला त्या टाक्या बघायला येणार. मुदतवाढ त्यावरच. घरी येऊन आकडे शोधले. सापडले नाहीत, कारण ते अजून घ्यायचे आहेत. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, आणि लागतो तो नेमका पहाटे.

३० मार्च
काका डोळ्याच्या ऑपरेशनसाठी चार दिवस रजेवर. जाताना काहीतरी सांगत होते. मी घाईत होतो, आणि ते एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत.

३१ मार्च
स्लाइड्स बनवतोय. टाक्यांकडे जायला वेळ नाही. चौदाच असणार. चौदा लिहिलं.

१ एप्रिल
आजही चौदा. शर्टाला इस्त्री केली.

२ एप्रिल
मॅडम अकराला आल्या. खोलीत शिरताच त्यांनी नाकाला रुमाल लावला. खताच्या टाकीत सहाही मासे पोट वर करून तरंगत होते. साय बाजूला केली तर खालची पानं काळी, बोट लावताच हातात आली. मी म्हटलं, बहुतेक मीटर बिघडलाय. मॅडमनी काकांना फोन लावला, स्पीकरवर.
“मॅडम, मी रोज पहाटे त्या टाकीला हवेचा पंप लावायचो,” काका म्हणाले. “बिचारे गुदमरायचे हो. सर यायच्या आधी काढून ठेवायचो, त्यांचा प्रयोग बिघडायला नको म्हणून. जाताना सांगत होतो, पण ते घाईत होते. मासे बरे आहेत ना?”
मॅडमनी फोन माझ्याकडे दिला. मी म्हटलं, बरे आहेत. मुदतवाढीचं मला विचारवलं नाही. लाज वाटली, आणि ती मुख्यतः माशांची वाटली.

३ एप्रिल, पहाटे ५.०५
गजर लावला नव्हता. झोपच नव्हती, म्हणून आलो. साधी टाकी, पाच. खताची टाकी, शून्य पूर्णांक तीन. तीनदा मोजलं. मीटर ठीक आहे.
सात वर्षांतला हा माझा पहिला पहाटेचा आकडा. साध्या टाकीतले सहा मासे काचेपाशी येऊन बघून गेले. मला ओळखत नव्हते.