वेगळे रोट

पुणे

भाऊ, आधी कानबाई मातेला आणि मग तुम्हाला नमस्कार. दिपमाला, पोरं, मी, आम्ही सगळे बरे आहोत.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत निर्वात पेटीचा एकेक सांधा तपासत होतो. त्या पेटीत लेसरच्या प्रकाशात अतिथंड अणू कोंडून ठेवतात. ते भराभर कमी होत होते. मला वाटलं, बाहेरची हवा शिरून त्यांना हुसकावतेय. आमच्या प्रमुख पुनम मॅडम म्हणाल्या, “पाटील, सांधे सोडा. हे आपसातच धडकतात आणि धडकलेले दोघंही बाहेर फेकले जातात. दाटी कमी केली की जास्त टिकतात. तुमच्या खानदेशात याला भाऊबंदकी म्हणत असतील.” सगळे हसले. मीही हसलो.

गेल्या वर्षी कानबाईच्या सणाला आपण दोघं भांडलो आणि आई प्रसादाचे रोट न खाता उठली. मी दोष वहिनीला दिला, परक्या घरची म्हणून. तिचा काही दोष नव्हता. तिला सांगा.

आईचे गुडघे कसे आहेत? ती पोटभर जेवते ना?

रोट वेगळे म्हणजे घर वेगळं, हे मला कळतं. वेगळं व्हायचं मला वाईट वाटेल, असं धरून वर्षभर थांबलो. वाटलं काहीच नाही. यापुढे आमच्या नावाचे मूठमूठ गहू तुमच्या रोटात धरू नका. काल आम्ही इथेच कानबाई मांडली आणि आमचे रोट वेगळे केले.

तुमचा धाकटा,
अमृत