सोडियमचा सख्खा भाऊ

३० जून, सोमवार
बाबांच्या ताटातला बोंबील मीच उचलला आणि कचऱ्यात टाकला. ते बघत राहिले. बघू देत! सकाळीच डॉक्टर बोलले होते — बीपी फार वाढलंय, किडन्या थकल्यात, मीठ निम्म्यावर आणा. आणि संध्याकाळी सासऱ्यांच्या ताटात भाजलेला सुका बोंबील! कुठून आला? पुतळाताई नावड्याहून डबा घेऊन आल्या होत्या. मितेशची थोरली बहीण, बापाची लाडकी लेक. मितेशला सांगितलं तर म्हणे, "पावसात ताजी मासळी मिळते कुठे? एका बोंबलानं काय होतंय?" भाऊ तशी बहीण. एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं.

२ जुलै, बुधवार
बाबांनी अळणी आमटीचं ताट सरकवलं. "हे जेवान हाय का गो, बाय?" उपाशीच उठले. मितेशने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मीच त्यांच्या तोंडचा घास काढला! जीव वाचवायचा मी, आणि वैरीणही मीच.

३ जुलै, गुरुवार
उपाय सापडला. सीवूड्सच्या दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात बऱ्याच सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मला आधी कसं सुचलं नाही? इतकी वर्षं दहावीला आवर्तसारणी शिकवतेय! सोडियमच्या बरोबर खालच्या घरात पोटॅशियम. दोघं पहिल्या गणातले, दोघांच्या बाहेरच्या कक्षेत एकेकच इलेक्ट्रॉन. सोडियमचा सख्खा भाऊच की. एकाच्या जागी दुसरा बसवला तर बिघडलं कुठे?

घरी कुणी नसताना आधीचं मीठ काढलं, बरणी पुसली आणि हे ओतलं. पाकीट कचऱ्यात. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर गावभर झालं असतं — शिकलेली सून जेवणात काय काय कालवते.

६ जुलै, रविवार
बाबा म्हणतात, आमटी मागाहून कडवट लागते. नखरे नुसते! वरून चिमटी चिमटी मीठ घेतातच आहेत. घेऊ देत, या मिठाची भीती नाही.

९ जुलै, बुधवार
दहावी अ ने डोकं उठवलं. सोडियमचा कण पाण्यात टाकून दाखवला. फुसफुसत पाण्यावर पळाला, की वर्गात शिट्ट्या! पोटॅशियम शाळेत ठेवत नाहीत, म्हणून त्याचा व्हिडिओ लावला. ते पाण्यात पडल्या पडल्या जांभळ्या ज्योतीने पेटलं. त्यावर जाई म्हणते, "मॅडम, एक नुसता पळतो, दुसरा पेटतो. मग हे सारखे कसे?"

असा राग आला! अख्खा तास काय शिकवत होते मी? म्हटलं, "सारखे म्हणजे एकच नव्हे! वागायची तऱ्हा सारखी, जोर वेगळा. गणात खाली जाल तसा जोर वाढतो. दहा वेळा लिहून आण." पोरगी हिरमुसली. हिरमुसू दे.

१३ जुलै, रविवार
आज काय ते एकदाचं झालं. बाबांच्या पायांत त्राण नाही, जिना चढताना मध्येच बसले. मला तेव्हाच वास आला. शोधलं, तर फ्रिजमागे सुकटीचा डबा! पुतळाताई समोरच होत्या. विचारलं, "बापाला मारायचंय का तुम्हाला?"

"त्यांच्या तोंडाला चव नाय, म्हनून आनली. चार घास जातात तेवढेच."

"आजपासून या घरात पाय ठेवायचा नाही!"

"माझ्या बापाचं घर हाय, स्मिता."

पण थांबल्या नाहीत. छत्रीही न घेता पावसात गेल्या. बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मितेश माझ्याशी बोलत नाही. न बोलो. मला काडीचंही वाईट वाटलं नाही. या घरात कुणीतरी वाईट व्हायलाच हवं होतं.

१५ जुलै, मंगळवार
पाय अजून लटपटतात. त्या सुकटीचेच प्रताप. डबा बंद झालाय, आता येतील ताळ्यावर. मऊ भात आणि ताक दिलं, ताकात मीठ जरा जास्तच घातलं. निदान आवडीने प्यायले.

१८ जुलै, शुक्रवार
बाबा बाथरूममध्ये कोसळले. अॅम्ब्युलन्स, आयसीयू. नाडी इतकी मंद की नर्सने दोनदा मनगट चाचपलं. मितेशने पुतळाताईंना बोलावलं. धावत आल्या, केस विस्कटलेले, पदर भिजलेला. मी त्यांच्या तोंडावर डॉक्टरांना सांगितलं — यांनी चोरून खारी सुकट खाऊ घातली, मी ओरडून थकले. त्या नुसत्या आयसीयूच्या दाराकडे वळल्या. बोलतील कशाला? बाबांना काही झालं तर त्यांना या जन्मात क्षमा नाही माझ्याकडून.

१९ जुलै, शनिवार
रिपोर्ट आला. रक्तात पोटॅशियम भयंकर वाढलंय. डॉक्टर म्हणाले, थकलेल्या किडन्यांना ते बाहेर टाकता येत नाही, मग हृदयाचे ठोकेच चुकायला लागतात. पुतळाताईंनी हात जोडले. "मीच देत व्हते, डॉक्टर. माझीच चूक हाय. माझ्या बापाला वाचवा."

"सुकटीने एवढं चढत नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात मीठ कुठलं वापरता?"

"साधंच," मितेश म्हणाला.

पुतळाताईंचे हात अजून जोडलेलेच होते. मी म्हणाले, "नाही."