बायको घरी आहे

८ डिसेंबर १९७६

थाप मारली! तीही जपानीत.

सहावा धडा — कुटुंब. नियम माझाच : नवी पेठेतल्या कापडदुकानाचा जिना चढून वर्गात आलं की मराठी बंद. अर्थ सांगायचा नाही. वस्तू दाखवायची, हातवारे करायचे. मी वाक्य म्हणायचं, पाचही जणांनी ते तीनदा एकासुरात म्हणायचं. मग त्यांनी मला प्रश्न विचारायचे.

ईश्वरप्पांनी विचारलं, "सेन्सेइ, तुमची बायको कुठे आहे?" सेन्सेइ म्हणजे गुरुजी, अर्थात मी. ईश्वरप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. जपानी माग येणार म्हणून गिरणीने या वयात त्यांना शिकायला धाडलंय. मागाच्या खडखडाटात घडलेला आवाज — खाली दुकानात गिऱ्हाईक दचकतं.

पुस्तकात उत्तर छापलेलंच होतं. "बायको घरी आहे." म्हणून टाकलं. सगळ्यांनी तीनदा म्हटलं.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. सोलापुरात मी हे कुणाला सांगितलेलं नाही.

१० डिसेंबर

पुन्हा तेच. "बायको काय करते?" — "बायको शेंगांची चटणी करते." खानावळीत आज पिठलं होतं. पाणीदार.

१५ डिसेंबर

राजाबाई आज म्हणाल्या, "बायकोला काय आवडतं?" विहारात आलेल्या जपानी भिक्खूंशी एक शब्द बोलता आला नाही म्हणून या बाई वर्गाला येतात. सगळ्यांत हुशार.

मला उत्तर शोधावं लागलं नाही. "चहात बुडवून शिळी भाकरी." सगळे हसले. मीही हसलो! दोन वर्षांत तिच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. विचारणार कोण — इथे मला ओळखतं कोण?

आठवड्यातून तीन तास ती घरी असते. जिना उतरलो की नसते. हे बरं नाही, कळतंय. पण सोडवत नाही.

२ जानेवारी १९७७

रविवार. दिवसभर कुणाशी बोललो नाही. उद्या वर्ग आहे, हे एक बरं.

१४ जानेवारी, संक्रांत

वर्ग सुटल्यावर जिन्याखाली ईश्वरप्पांनी तिळगूळ दिला. म्हणाले, "सर, आमच्या काशम्मानं सांगितलंय, मालकीणबाईस्नी हळदीकुंकवाला धाडा की. येकट्या घरात बसून काय करत्यात?"

"माहेरी गेलीय," तोंडातून निघून गेलं. आता मराठीतही थाप.

हळदीकुंकवाला सवाष्णींना बोलावतात. मेलेल्या बाईचं आमंत्रण मी हसून घेतलं! स्वतःची शरम वाटली.

२१ जानेवारी

ईश्वरप्पांनी पिशवी आणली. खण, नारळ, गहू. "वटीचं हाय सर, न्हाय म्हनू नगा. माहेरास्नं आल्या की द्या. काशम्मानं लई हौसेनं काढलंय."

घेतली. काय करणार होतो? पिशवी टेबलावर आहे. हिरवा खण. जेवण गेलं नाही.

सांगायला हवं. पण सवाष्णीच्या ओटीची थट्टा केली म्हणून काशम्मा शिव्याशाप देतील, ईश्वरप्पा वर्ग सोडतील, बाकीचेही जातील. मग तिच्याबद्दल विचारणारं कुणी उरणार नाही. मला भीती आहे ती याची.

२४ जानेवारी

मराठीत धीर होईना. म्हणून वर्गातच, जपानीत सांगायचं ठरवलं. खडू खाली ठेवला. सावकाश म्हटलं, "माझी बायको दोन वर्षांपूर्वी वारली."

आणि वर्गानेही तेच म्हटलं! एकासुरात. सवय मीच लावलेली — नवा शब्द आला की आधी म्हणायचा, अर्थ मागाहून. ईश्वरप्पा सगळ्यांत मोठ्याने. उच्चार अगदी चोख, शाबासकीसाठी माझ्याकडे बघतायत. माझी बायको वारली. दुसऱ्यांदा.

"अहो, म्हणू नका!" मी ओरडलो, मराठीत. "तुमची नाही! तुमच्या काशम्मा आहेत घरी. माझी गेली. माझी!"

राजाबाईंनी वही मिटली. ईश्वरप्पा उठले, टोपी उचलली आणि जिना उतरून गेले.

संपलं. उद्या पिशवी परत करीन.

२५ जानेवारी

पिशवी घेऊन निघालो तर दारात काशम्मा. मागे ईश्वरप्पा, मान खाली. बाईंनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. मी माफी मागू लागलो.

"तुमी जित्तं असताना गेली न्हवं ती?"

"हो."

"अहेव गेली. मग ती सवाष्णच की! तिची वटी भरायचीच असती. फोटो कुटं हाय?"

ट्रंकेच्या तळाशी होता. काशम्मांनी पदराने पुसला, हळदीकुंकू लावलं, खण-नारळ पुढे ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाव काय वो हिचं?"

"मथुरा," मी म्हटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, मोठ्याने.